पापुद्रे, नळ्या, बंद चेंडू: अळंबीच्या अंगाची घडण कशी बदलत गेली?

दाजीपूर_पायवाट
राधानगरी, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात पावसाळ्यात एकाच उतारावर सगळे आकार दिसतात. कुजक्या फांदीवर चिकटलेला पांढरा पातळ थर, शेजारी मऊ कानासारखी ऑरिक्युलेरिया, खोडावर लाकडासारखी गॅनोडर्मा, जमिनीवर छत्री आणि वाटेच्या कडेला गोल चेंडू. पुस्तकात हे सगळं 'साध्याकडून गुंतागुंतीकडे' असं एका ओळीत मांडलेलं असतं. ही खरंच एकामागून एक आलेल्या पायऱ्यांची ओळ आहे का? आणि साधा सूक्ष्मदर्शक असेल तर स्वतः काय तपासता येईल? जाणकारांनी तपशिलात लिहावं. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही तोडून आणायचं नाही, त्यामुळे शेतातल्या, बागेतल्या नाहीतर बाजारातल्या नमुन्यांवर बोलू.

सूक्ष्मदर्शी
पायऱ्यांची ओळ नाही. आकार बघण्याआधी बीजाणू कसा उडतो ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप सुटतं.

छत्री, कान, गॅनोडर्मा या सगळ्यांचे बीजाणू बेसिडियम नावाच्या पेशीवर, बाहेरच्या बाजूला, बारीक काट्यांच्या टोकावर बसतात. बहुधा चार. बीजाणू काट्यावर थोडा तिरका असतो. त्याच्या बुडाशी दमट हवेतून पाण्याचा एक थेंब जमतो, कारण तिथे साखरेसारखे पाणी ओढणारे पदार्थ असतात. बीजाणूच्या अंगावर दुसरा पातळ ओलावा असतो. थेंब वाढून त्या ओलाव्याला टेकला की दोन्ही झटक्यात एक होतात आणि त्या झटक्याने बीजाणू सुटतो. याला बुलर थेंब म्हणतात. मोठ्या वेगाने सुटलेला बीजाणू हवेच्या अडथळ्याने लगेच थांबतो. एकूण झेप बहुतेक वेळा एक मिलिमीटरही भरत नाही. तिथून पुढे तो नुसता खाली पडतो.

म्हणजे ही बंदूक अगदी जवळची आहे. बीजाणू सुटल्यावर त्याच्या खाली मोकळी जागा हवी, म्हणून बीजाणू धरणारा पृष्ठभाग खाली तोंड करून असतो. जमिनीलगतची हवा स्थिर असते, ती ओलांडायला देठ लागतो. पाऊस त्या थेंबाची वाट लावतो, म्हणून वर छप्पर लागतं. देठ, टोपी, पापुद्रे (टोपीखालच्या उभ्या पातळ पट्ट्या, ज्यांवर बीजाणू धरतात) ही त्या एका थेंबाची सोय आहे.

याउलट कप-बुरशांचं. कुकेनिया नावाचा गुलाबी-नारिंगी पेला पश्चिम घाटात ओल्या काटक्यांवर सापडतो. त्याचे बीजाणू ॲस्कस नावाच्या पिशवीत, बहुधा आठ, आणि पिशवी आतल्या दाबाने फुटते. मार काही सेंटिमीटर किंवा जास्तही जातो. त्यामुळे त्याचं तोंड वर. नुसत्या डोळ्यांनी, पृष्ठभाग वर आहे की खाली एवढं बघितलं तरी दोन घराणी बऱ्याचदा वेगळी काढता येतात.

करवीर_कवक
सूक्ष्मदर्शी सरांनी पाया घातलाय, त्यावर काळ मांडतो.

अळंबी मऊ असते, कुजते, म्हणून जीवाश्म मोजकेच. पण जे आहेत ते बोलके आहेत. बेसिडियमवाल्या बुरशांच्या तंतूंवर पेशींच्या सांध्यापाशी क्लॅम्प नावाची बारीक वळणदार कडी असते. तशी कडी असलेले तंतू कार्बोनिफेरस काळातल्या नेच्याच्या अवशेषात सापडलेत, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचे. पापुद्र्याच्या छत्रीचा आज माहीत असलेला सर्वांत जुना जीवाश्म ब्राझीलच्या क्रातो थरातला गोंडवानागॅरिसाइटिस. त्याचं वर्णन २०१७ मध्ये झालं, वय सुमारे ११.५ कोटी वर्षं, उंची जेमतेम ५ सेंटिमीटर. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राळेत सापडलेला आर्किओमरास्मियस त्यानंतरचा, साधारण ९ कोटी वर्षांचा. तो आजच्या मरास्मियससारखाच दिसतो. थोडक्यात, डायनासोर फिरत होते तेव्हा पापुद्र्याची छत्री तयार होती.

मधल्या काळाचं चित्र जनुकांवरून काढावं लागतं. २०१९ मध्ये ५,२८४ जातींचा मोठा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यावरून असं दिसतं की पूर्वज लाकडाला चिकटलेल्या थरासारखे होते, आणि टोपी-देठाची रचना त्यातून एकदा नाही, अनेक वेळा, वेगवेगळ्या घराण्यांत निघाली. जिथे टोपी-देठ आले तिथे पुढे जाती झपाट्याने वाढल्या.

म्हणूनच १८२१ मध्ये स्वीडिश कवकशास्त्रज्ञ फ्रीझने, टोपीखाली काय आहे ते बघून, पापुद्रेवाले, नळीवाले, काटेवाले अशी जी वर्गवारी लावली, ती शेतात ओळखायला सोयीची आहे पण नात्याची नाही. मेलेल्या लाकडावर येणारा लेंटिनस स्क्वॅरोसुलस घ्या. पांढरा, खवल्यांचा, खाली चक्क पापुद्रे. पण त्याचं जवळचं नातं नळीवाल्या गॅनोडर्माशी आहे, लागवडीच्या धिंगरीशी (ऑयस्टर अळंबी) नाही. रुसुलाचे पापुद्रे आणखी तिसऱ्या घराण्यात, स्वतंत्रपणे आलेले.

एक सावधगिरी. प्रोटोटॅक्साइटिस नावाचा डेव्होनियन काळातला आठ मीटरपर्यंतचा खांब 'राक्षसी अळंबी' म्हणून फिरतो. तो बुरशी होता की नाही यावरच संशोधकांत एकमत नाही. त्याला छत्री काढलेली चित्रं तर सोडूनच द्या.

पिंजर_धिंगरी
चांगला धागा हाय. लागवडीच्या बाजूनं एक विचारतो. भाताच्या पिंजरावरच्या धिंगरीच्या खोलीत हवा कोंडली की टोपी येतच नाही. देठ लांबतात, फाटे फुटतात आणि पोवळ्यासारखा झुपका होतो. कोल्हापूरकडं जुलै-ऑगस्टात पाऊस आत येतो म्हणून लोक खोली गच्च बंद करतात, तेव्हा हे हमखास. मग हा तिचा जुना आकार बाहेर आला असं समजायचं का? थर, मग पोवळं, मग छत्री, अशी वाट असेल तर जुळतंय.

सूक्ष्मदर्शी
जुळल्यासारखं दिसतं, पण तो निष्कर्ष काढू नका दादा. कार्बन डायऑक्साइड वाढला की टोपी पसरण्याची क्रिया दबते आणि देठाची लांबी वाढत राहते. लाकडाच्या फटीत किंवा ढिगाच्या आत अडकलेल्या अळंबीला बाहेरची हवा गाठायला याचा उपयोग होतो. ही आजची सोय आहे. खऱ्या पोवळी-अळंबीत फांद्यांच्या अंगावर सर्वत्र बीजाणू धरणारा थर असतो. कोंडलेल्या धिंगरीच्या फाट्याचा आडवा छेद घेतला तर बहुतेक भाग वांझ दिसेल. आकार सारखा आणि रचना वेगळी, हा फरक याच विषयात सगळ्यात जास्त चुकवला जातो.

खोलीसाठी व्यवहार असा: पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या कोवळ्या कळ्या, दिसल्यापासून कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या खाली, आर्द्रता ८५ ते ९० टक्के, तापमान २० ते २८ अंश, आणि वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड. बाहेर धो-धो पाऊस असला तरी वरच्या झरोक्याला बारीक जाळी लावून उघडा ठेवा, खालून हवा आत येऊ द्या. देठ टोपीपेक्षा लांब होऊ लागला की आधी हवा वाढवा, पाणी नको. आर्द्रता शंभराजवळ गेली की टोपीवर पाण्याचा थर राहतो आणि पिवळे जिवाणूचे डाग पडतात. शिवाय पापुद्रेच पाण्याने माखले की बुलर थेंब त्या पाण्यात विरून जातो आणि बीजाणू उडतच नाही.

पिंजर_धिंगरी
हे पटलं. फाट्याचा छेद घेऊन बघायला पाहिजे.

भुदरगड_माळ
पापुद्रे उभेच का लागतात ते आकड्यात सांगा की कोणीतरी.

सूक्ष्मदर्शी
पापुद्रा १० मिलिमीटर खोल धरा. तो उभ्या रेषेपासून ५ अंश कलला तर खालची कड जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकते. दोन पापुद्र्यांमधली फट अनेकदा तेवढीच किंवा कमी. म्हणजे वरून पडणारा बीजाणू शेजारच्या पापुद्र्यावर चिकटणार. म्हणून अळंबी दोन टप्प्यांत सावरते: आधी देठ वळून टोपी आडवी करतो, ही ढोबळ दुरुस्ती, मग प्रत्येक पापुद्रा स्वतः वळून उभा होतो, ही बारीक दुरुस्ती. पापुद्रा बुडाशी जाड आणि कडेला पातळ, पाचरीसारखा असतो, त्यामुळे थोडा कल सहन होतो.

पापुद्र्यांचा फायदाही मोजलेला आहे. सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत बीजाणू धरायची जागा जास्तीत जास्त वीसपट होते. त्याहून दाट केले तर बीजाणू समोरच्या भिंतीवर आपटतील. झेप किती लांब, यावर फट किती अरुंद ठेवता येईल हे ठरतं.

घरी करून बघायचं तर पूर्ण उमललेली टोपी घ्या, देठ कापा, काळ्या-पांढऱ्या कागदावर पापुद्रे खाली ठेवून वाटी झाका. हा पडलेल्या बीजाणूंचा साधा ठसा. दुसरी टोपी तशीच, पण एका बाजूखाली काडी घालून १५-२० अंश कललेली. सहा तासांनी तुलना करा. उचललेल्या आणि टेकलेल्या बाजूचे पापुद्रे उभ्या पातळीतच राहतात, पण डाव्या-उजव्या बाजूचे कलतात. म्हणून ठसा दोन कुशींना फिका पडायला हवा. टोपी पिकलेली घ्या, कोवळी असेल तर ती वाढता वाढता स्वतःला दुरुस्त करते.

फणसांबा
नळीवाल्यांबद्दल मी लिहितो, कारण आपल्याकडे ते वर्षभर बघायला मिळतात.

पापुद्रा मऊ असल्याने वळू शकतो. लाकडासारखी अळंबी वळू शकत नाही, मग तिथे नळ्या. नळी चहूबाजूंनी बांधलेली असल्याने ताठ राहते. फणसाच्या खोडावरचा फणसांबा, म्हणजे फेलिनसच्या गटातली अळंबी, अनेक वर्षं जगते आणि जुन्या नळ्यांखाली नव्या नळ्यांचा थर घालते. उभा चिरलात तर थर दिसतात. झाड आडवं झालं की जुन्या नळ्या आडव्या राहतात, आणि त्यानंतरचा नवा थर जुन्याशी काटकोन करून पुन्हा जमिनीकडे तोंड करतो. पडलेल्या खोडावर अशी कोन असलेली अळंबी दिसली तर ती झाड पडण्याआधीची आणि नंतरचीही आहे हे नक्की.

कडकपणा कुठून आला? १९३२ मध्ये कॉर्नर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तंतूंचे प्रकार वेगळे काढले. जनक तंतू पातळ भिंतीचे, फांद्या फुटणारे, त्यातूनच बेसिडियम येतात. सांगाड्याचे तंतू जाड भिंतीचे, सरळ, जवळपास बिनफांदीचे. बांधणीचे तंतू जाड आणि वेड्यावाकड्या फांद्यांचे. धिंगरीत मुख्यतः पहिलेच, म्हणून ती शिजते. लेंटिनसमध्ये जनक तंतूंच्या जोडीला जाड तंतू, म्हणून कोवळी खाता येते आणि जून झाली की चामड्यासारखी. गॅनोडर्मात तिन्ही.

फेलिनससाठी सोपी चाचणी: ५ टक्के कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) एक थेंब तपकिरी गरावर टाका, तो काळा पडतो. शिवाय या गटात क्लॅम्प नसतात. गॅनोडर्मात असतात, पण जनक तंतूंवरच, आणि ते सापडायला वाढती पांढरी कड घ्यावी लागते. मधला जुना भाग घेतलात तर तासभर शोधून हाती काही लागत नाही.

दाजीपूर_पायवाट
छेद नेमका कसा घ्यायचा? पापुद्र्याचा छेद म्हटलं की हमखास चुरा होतो.

सूक्ष्मदर्शी
पहिली चूक वयाची. पूर्ण पिकलेल्या टोपीत आतला गर कोलमडलेला असतो, बंद कळीत बीजाणू नसतात. अर्धवट उघडलेली टोपी घ्या.

टोपीच्या कडेपासून मध्यापर्यंतच्या अर्ध्या वाटेवर ५ मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद तुकडा काढा, ज्यात चार-पाच पापुद्रे टोपीच्या गरासकट येतील. गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात तो अलगद बसवा. नवं दाढीचं पातं, ते पाण्याने ओलं. पातं दाबायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. पापुद्र्यांना आडवा काप, म्हणजे कंगव्याच्या दात्यांसारखे दिसले पाहिजेत. वीस-तीस काप घ्या, बशीतल्या पाण्यात सोडा, आणि जे जवळजवळ दिसत नाहीत तेच उचला. जाड काप ठेवायचा मोह टाळा.

दुसरी चूक हवेच्या बुडबुड्यांची. आतल्या हवेच्या वाटांना हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं, ते पाणी शिरू देत नाही. त्यामुळे नुसत्या पाण्यात काप काळा दिसतो. काचेवर आधी ७० टक्के अल्कोहोलचा थेंब, मग ३ ते ५ टक्के पोटॅश, जास्तीचं टिपकागदाने ओढून काँगो रेड या रंगाचा १ टक्का द्राव, दोन मिनिटं थांबा, आच्छादन काच ठेवून पेन्सिलीच्या रबराने हलके ठोका. १० च्या भिंगाखाली मांडणी, ४० च्या भिंगाखाली बेसिडियम, क्लॅम्पसाठी तेलाचं १०० चं भिंग. पोटॅश पाण्यात हळूहळू टाकायचं, हातमोजे घालायचे, आणि भिंगाला लागलं तर लगेच पुसायचं.

सरावाला बाजारातली बटण अळंबी उत्तम. उभी चिरली की देठ आणि टोपीच्या कडेमधला पडदा दिसतो. तिच्या बेसिडियमवर चारऐवजी बहुधा दोनच बीजाणू असतात आणि क्लॅम्प नसतात. आधी हे माहीत असलं की 'माझं काहीतरी चुकतंय' असं वाटत नाही.

करवीर_कवक
छेदात पापुद्र्याच्या मधल्या गराची दिशा आवर्जून बघा. ती नात्याबद्दल बरंच सांगते. तंतू समांतर खाली जातात का, मधून बाहेर आणि खाली फाकतात का, की कडेकडून मध्याकडे मिळतात? फाकणारे अमानिटाचे. मिळणारे प्ल्यूटियस आणि पिंजराच्या ढिगावर येणाऱ्या व्होल्वारिएलाचे.

हे जिवाचं आहे, म्हणून खुलासा करतो. अमानिटा आणि व्होल्वारिएला दोन्हींच्या बुडाशी पिशवी असते. कोवळ्या अळंबीला अंड्यासारखं झाकणारं आवरण दोन्हींत स्वतंत्रपणे आलेलं आहे. वाढत्या पापुद्र्यांना सुकण्यापासून आणि किड्यांपासून वाचवणं हे त्याचं काम. अमानिटाच्या काही जाती यकृत निकामी करतात. व्होल्वारिएलाचा बीजाणू-ठसा गुलाबी, अमानिटाचा पांढरा. पण अंड्याच्या अवस्थेत ठसाच मिळत नाही, म्हणून रानातली 'अंडी' कधीच खाऊ नयेत. हिरवळीवर येणाऱ्या मोठ्या क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिसचा ठसा हिरवट असतो, ती पोट बिघडवते. तिचे पापुद्रे सुरुवातीला पांढरेच असतात, म्हणून नुसत्या रंगावर फसगत होते.

भुदरगड_माळ
मग बंद चेंडू कुठं बसवायचे? त्यांच्यात तर पापुद्रेच नाहीत, म्हणजे ते सगळ्यात जुने का?

करवीर_कवक
उलट. चेंडू बऱ्याचदा पापुद्रेवाल्यांचे वंशज आहेत. लायकोपर्डॉन हा चेंडू बटण अळंबीच्याच कुटुंबात येतो. स्क्लेरोडर्मा नळीवाल्या बोलेटसच्या घराण्यात.

मधली अवस्था बघायची तर पोडॅक्सिस. दख्खनच्या कोरड्या माळावर, वारुळापाशी ती उभी दिसते: देठ आहे, टोपी आहे, पण टोपी उघडत नाही, आत काळी भुकटी. क्लोरोफायलममध्येही ॲगॅरिकॉइडिस नावाची न उघडणारी जात आहे, म्हणजे एकाच कुळात उघडी आणि बंद दोन्ही. बदल मोठा वाटतो, पण लेंटिनस टायग्रिनसमध्ये असा बंद नमुना एकाच जनुकाच्या अप्रभावी रूपामुळे येतो, हे संकरातून दिसलेलं आहे.

कोरड्या जागी बुलर थेंब जमणं कठीण, आणि बंद पेटीत ओलावा टिकतो. पण एकदा पेटी बंद झाली की बंदुकीचा उपयोग संपतो. मग बीजाणू काट्यावर तिरका न बसता सरळ बसतो, थेंब येत नाही, पापुद्रे उभे ठेवायची गरज उरत नाही. पुढे प्रत्येकाने वेगळी युक्ती केली: चेंडूवर पावसाचा थेंब आदळून भुकटी उडते, पाचटात सापडणाऱ्या सायथसच्या पेल्यातून थेंबाच्या माराने 'अंडी' मीटरभर उडतात, फॅलस दुर्गंधाने माश्या बोलावतो. यातला कोणी पुन्हा उडवणाऱ्या बीजाणूकडे परतल्याचं दिसत नाही.

फणसांबा
वारुळाचा विषय निघालाय तर टर्मिटोमायसिसबद्दल थोडं. वाळवीच्या बागेत वाढणारी ही अळंबी आपल्याकडे पहिल्या जोरदार पावसानंतर निघते. टांझानियात वाळवीच्या बागेचे सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत, म्हणजे ही भागीदारी तेवढी तरी जुनी.

शरीरावर दोन खुणा दिसतात. टोपीच्या मध्यभागी कडक टोकदार उंचवटा, माती फोडायला. आणि देठाची खाली मुळासारखी लांब शेपटी, थेट बागेपर्यंत गेलेली. उपटली तर शेपटी तुटते आणि ओळखीची खूण हरवते, म्हणून नमुना घेताना बाजूने खुरप्याने माती काढत खाली जावं. लहानशी टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस मात्र वाळवीने वर आणून टाकलेल्या बागेच्या चुऱ्यावर उगवते. तिला माती फोडायची नाही, आणि तिच्यात ते कडक टोक व लांब शेपटीही नाही. खाण्यासाठी गोळा करणाऱ्यांनी बाग फोडू नये, पुढच्या वर्षीचं पीक तिथूनच येतं.

पिंजर_धिंगरी
शेवटचं एक विचारतो. धिंगरीच्या पिशवीवर किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीवर पांढरी, केसाळ, पंख्यासारखी बारीक अळंबी येते. खाली पापुद्रे आहेत पण प्रत्येक उभा चिरलेला. ही धिंगरीची बहीण का?

सूक्ष्मदर्शी
शिझोफायलम कम्यून. तिचे ते खरे पापुद्रे नाहीतच. अनेक छोटे पेले शेजारी शेजारी जुळलेत, आणि दोन पेल्यांच्या भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, म्हणून चिरलेलं दिसतं. तिचं जवळचं नातं फिस्टुलिनाशी, जिच्या नळ्या एकमेकींपासून सुट्या असतात.

फांदी सुकली की चिरलेल्या भिंती आत वळून बीजाणूंचा थर झाकतात, ओल मिळाली की उघडतात. वाळलेला तुकडा ओल्या टिपकागदावर ठेवून वाटीखाली झाका आणि भिंगातून अधूनमधून बघत राहा, भिंती सरळ होताना दिसतात. पिशवीवर आली तर पिंजर नीट निर्जंतुक झालेलं नाही असं समजा. ८० अंशांच्या पाण्यात तासभर पूर्ण बुडवून, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही पण तळहात ओला होईल इतकं निथळून मगच स्पॉन (अळंबीचं बियाणं) भरा. बाधा झालेली पिशवी खोलीबाहेर काढा, तिथेच फोडू नका.